पन्नी

त्या गुरुवारी सकाळी रामदासपेठेतल्या देशकरांच्या फाटकात विश्वनाथनं मोठ्या हौसेनं जुन्या फियाटचं बॉनेट वर केलं आणि आनंदरावला आत आपलाच हात दिसला. हात म्हणजे काय, तर डायनॅमोच्या वायरीला आवळलेली वीतभर तार आणि तिला दिलेला डावा पीळ. नागपुरात मिस्त्री ढीगभर, पण तारेला असा उलटा पीळ देणारा डावखुरा मिस्त्री एकच, आणि तो इथं पान्यांची पिशवी काखेत धरून उभा. विश्वनाथला त्याचं काय! तो कॉलेजात फिजिक्स शिकवणारा माणूस, पण मोटारीचं नाव काढलं की दहा वर्षांचा होई. "तुम्हाला न विचारता घेतली, आनंदराव," तो म्हणाला. "म्हटलं, एकदा तरी आपल्या अकलेनं घ्यावी. इतवारीतल्या वसंत दलालाकडे मिळाली. रविवारच्या शर्यतीला हीच. आता आवाज ऐका." त्यानं चावी फिरवली. इंजिन सुरू झालं आणि एका लयीत गुणगुणू लागलं. "कशी मुकी आहे, नाही? एक शब्द बोलत नाही!" त्याची बहीण लतिका पायरीवर चहाचा कप घेऊन बसली होती. ती म्हणाली, "दादा, आधी आनंदरावांना ऐकू दे. त्यांनी हो म्हटलं की मग नाच." दोघंही त्याच्याकडे पाहू लागले. पंधरा वर्षं या घरात असंच चाललं होतं. त्यांचे वडील वकीलसाहेब होते तेव्हाही आणि ते गेल्यावरही. आनंदरावचा हात सच्चा, आनंदरावचा शब्द शेवटचा. आनंदराव बॉनेटमध्ये वाकून राहिला आणि म्हणाला, "मी पाहून घेतो."

मिस्त्री लोकांत इंजिन वाजत नाही, बोलतं. टॅपेट बोलतं, गिअर बोलतो. पण सगळ्यात वाईट म्हणजे खालचं बेअरिंग बोलणं. पिस्टनचा दांडा क्रँकवर जिथं बसतो तिथल्या वाट्या झिजल्या, की दांडा सैल होतो आणि इंजिनाच्या पोटातून ठक् ठक् सुरू होतं. त्यावर इलाज एकच, इंजिन उतरवा, क्रँक घासा, नव्या वाट्या घाला. आणि एक इलाज असा, जो इलाजच नाही. सिगारेटच्या पाकिटातली चांदीची पन्नी घ्यायची, दुहेरी-तिहेरी करायची आणि वाटीच्या पाठीमागे दडपायची. फट भरते. इंजिन चूप. गिऱ्हाईक येतं, कान लावतं, खुश होऊन गाडी घेऊन जातं. गावात हळूहळू फिरवली तर काही दिवस निघतात, मग पन्नीचा चुरा होतो आणि दांडा पहिल्यापेक्षा जास्त सैल. जोरात पळवली तर तो तुटतो, इंजिनाची कूस फाडून बाहेर येतो, तेल चाकांखाली सांडतं, चाकं जाम होतात. साठ मैलांच्या वेगात आत बसलेल्याचं काय होईल, ते सांगायला मिस्त्री लागत नाही.

हे सगळं त्यानं महिन्याभरापूर्वी स्वतःच्या हातांनी केलं होतं. आणि पैशासाठी केलं असंही नाही; तसं असतं तर मनाला समजावता तरी आलं असतं. वसंत दलाल गाडी ढकलत घेऊन आला होता आणि पान थुंकून म्हणाला होता, "राहू द्या गा आनंदराव, तुमच्याच्यानंही नाही होनार. चार मिस्त्री हारले. हे बोलनं बंद करनं कोनाच्या बापाच्यानं होत नाही." बस्स, एवढंच. त्या एवढ्यावर हा शहाणा पेटला! दुपारभर गाडीखाली पाठीवर पडून त्यानं चारही दांडे सोडवले, पन्नी नखानं सपाट केली, बोटानं चाचपून कुठं एक पदर, कुठं दोन, असं मोजून घातलं. इंजिन सुरू झालं तेव्हा वसंत तोंड उघडं टाकून पाहत राहिला. काय आनंद झाला होता तेव्हा! एवढ्या बोलक्या इंजिनाला आपण मुकं केलं. वसंत ती कोणाला विकणार हे त्यानं विचारलं नाही, आणि वसंतनं सांगितलं नाही. विकताना तो तिथं नव्हता. त्याच्या तोंडून एक अक्षर खोटं गेलं नव्हतं. हे तो स्वतःला महिनाभर सांगत आला होता, आणि गुरुवारपासून ते सांगणं काही केल्या गळ्याखाली उतरेना.

शुक्रवारी तो नव्या वाट्या शोधत हिंडला. त्या मापाच्या नागपुरात नव्हत्या. मुंबईहून यायला आठवडा. शनिवारी दोनदा रामदासपेठेच्या फाटकापर्यंत गेला. पहिल्यांदा विश्वनाथ घरी नव्हता. दुसऱ्यांदा लतिका मांडी घालून गाडीच्या दारावर पांढऱ्या रंगानं सातचा आकडा काढत होती, तिनं मान वर करून विचारलं, "आनंदराव, पोट बरोबर आलं का साताचं?" आणि तो म्हणाला, "झकास आलं, ताई," आणि परत फिरला. घरी बायकोनं, कौसल्यानं, ताट वाढलं. "काहून जेवून नाही राहिले?" तिनं विचारलं. "जेवून राहिलो ना," तो म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडून तसाच ताटात ठेवला. रात्री त्यानं वाक्य तयार केलं. सकाळी, शर्यत सुरू व्हायच्या आधी, विश्वनाथला बाजूला घेऊन सांगायचं. फार तर काय होईल? काय होईल ते त्याला नीट ठाऊक होतं. या गावात त्याच्याजवळ जमीन नव्हती, शाळेचा दाखला नव्हता, मोठा कोणी पाठीशी नव्हता. त्याच्याजवळ तो एक शब्द होता, सच्चा, आणि त्यावरच दुकान चालत होतं.

मार्चमधला पहिला रविवार. उमरेड रोडनं पुढं लढाईच्या काळातली एक उजाड धावपट्टी होती, तिथं शहरातल्या हौशी लोकांनी बारा तासांची शर्यत मांडली होती; सकाळी साडेसहा ते संध्याकाळी साडेसहा, जो जास्त फेरे मारील तो जिंकला. गाडी भंगाराच्या भावात मिळालेलीच पाहिजे हा नियम, म्हणून नऊ मोटारी अशा उभ्या होत्या की बघणाऱ्याला हसू यावं. एकीला दारं नाहीत, एकीचं छप्पर कापलेलं, एकीच्या मागच्या काचेवर लग्नाच्या वरातीचे कागद तसेच चिकटलेले. आसपासच्या गावचे लोक बांधावर येऊन बसले होते आणि तर्री-पोह्यांची एक गाडी लागली होती. आनंदराव वाक्य तोंडात घोळवत विश्वनाथजवळ गेला. विश्वनाथ दुसऱ्या गाडीच्या लोकांना सांगत होता, "आमच्या मागे आनंदराव आहेत, आम्हाला काय भीती!" ते लोक वळून त्याच्याकडे आदरानं पाहू लागले. वाक्य तोंडातच विरलं. "भाऊ," तो एवढंच म्हणाला, "पन्नासच्या वर नका नेऊ." विश्वनाथ हसला, "बरं, बरं." आणि झेंडी पडली.

पहिल्या तासापासून आनंदराव पेट्रोलच्या पिंपाजवळ दगडावर बसून होता आणि फक्त कानांनी जगत होता. दोन मैलांचा फेरा. गाडी समोरून जाई, दूरच्या ड्रमांना वळसा घाली, धुळीत दिसेनाशी होई, मग परत येई. ती परत येईपर्यंत त्याचा श्वास अर्धा आत, अर्धा बाहेर. बेअरिंग बोलतं ते पाय दाबल्यावर नाही, पाय उचलल्यावर. म्हणून वळणाजवळ वेग कमी होई तेव्हा तो मान तिरकी करून ऐके. आठ मोटारींचा कल्लोळ बाजूला सारून त्या एकीचा आवाज वेगळा काढणं त्याला येत होतं. ती गुणगुणत होती. आठ वाजले, गुणगुणत होती. दहा वाजले. एक मॉरिस पाणी उकळून बाहेर बसली, एकीचं चाकच निघून बांधाकडे घरंगळलं आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. सातची गाडी तिसरी होती, मग दुसरी. आणि काय माणसाचं मन! भीतीनं तळवे ओले, आणि तरी आत कुठंतरी अभिमान. किती नेमकी घातली आपण पन्नी, कशी धरून आहे. स्वतःच्या या विचाराची त्याला किळस आली. त्यानं उठून तोंडावर पाणी मारलं, पण पाण्यानं असल्या गोष्टी धुतल्या जात नाहीत.

उन्हानं धावपट्टी थरथरू लागली. तापल्या डांबराचा वास, जळक्या तेलाचा वास, आणि डोळ्यांसमोर एकदम दीक्षेचं ते मैदान आलं. सोळा वर्षं झाली. पांढरी साडी नेसलेली आई, बायजाबाई, डाव्या बाजूला. तिचा खरबरीत हात त्याच्या मनगटावर. लाखो तोंडांतून एकच शब्द निघतो आहे आणि आपल्याही तोंडातून निघतो आहे. खोटं बोलणार नाही, हे त्या प्रतिज्ञांतलंच एक. बावीस वर्षांच्या आनंदरावला तेव्हा ते सगळ्यात सोपं वाटलं होतं. आईनं तर ते असं धरलं की गल्ली हसायची. इतवारीच्या तोंडाशी टोपली घेऊन बसायची आणि ओरडायची, "कालची वांगी, कालची! ताजी पाहिजे तं पुढं जा!" लोक हसत आणि तिचीच वांगी घेऊन जात. एकदा तो चिडून म्हणाला होता, "माय, चूप तं बस. न बोलनं म्हनजे खोटं नाही होत." तिनं टोपलीवरून नजर उचलली नव्हती. "मंग बोलाची एवढी भीती काहून वाटते रे तुले?" तिनं विचारलं होतं. ते आठवलं आणि त्याच्या मागोमाग दुसरं काही वर येऊ लागलं. रामदासपेठेतला व्हरांडा, लाल फरशी, खांबाजवळची वकीलसाहेबांची खुर्ची. तिकडं त्यानं मनाला जाऊ दिलं नाही. गाडी येत होती. त्यानं मान तिरकी केली.

चार वाजता सातची गाडी पहिली झाली. विश्वनाथ उतरला तेव्हा धुळीनं त्याचे फक्त दात दिसत होते. त्यानं आनंदरावला मिठीच मारली. "पाच फेऱ्यांनी पुढं! काय इंजिन आहे, आनंदराव!" लतिका हेल्मेटचा पट्टा आवळत आत बसली. गाडी चालवायला तिला आनंदरावनंच शिकवलं होतं. वकीलसाहेब गेल्यानंतरच्या हिवाळ्यात, भल्या पहाटे मोकळ्या रस्त्यांवर. तो तिला सांगायचा, "डोये रस्त्यावर, ताई, पन कान गाडीत. ते बोलली का पाय उचलाचा." तिनं खिडकीतून त्याच्याकडे पाहून अंगठा दाखवला आणि निघाली. पन्नास, पंचावन्न, साठ. भावापेक्षा ती धीट. आनंदराव उभाच राहिला. एक फेरा. दुसरा. चौथ्या फेऱ्याला वळणाजवळ तिनं पाय उचलला आणि त्याला ते ऐकू आलं.

ठक्. मग काहीच नाही. मग ठक् ठक्, खोल, कोणी बंद दारावर बोटाच्या पेरानं वाजवावं तसं. आणि तिनं पाय दाबताच बंद. त्यानं विश्वनाथकडे पाहिलं. विश्वनाथ फळीवर खडूनं फेरे लिहीत होता. कोणालाच ऐकू आलं नव्हतं. टॅपेट असेल, त्यानं मनाशी म्हटलं. टॅपेटच असेल, दिवसभर तापलंय. पण टॅपेट वर बोलतं, चिरक्या आवाजात. हे खालून आलं होतं. पुढच्या फेऱ्याला तेच, जरा जास्त. आता सांग, तो स्वतःला म्हणाला. आता सांग, मूर्खा! पाय जमिनीत रुतले होते. दोन तास उरले. दोन तास निघाले तर कोणाला काही कळायचं नाही, सोमवारी गाडी दुकानात नेऊ, वाट्या आल्या की घालू, सगळं मिटेल. असं तो मोजत होता आणि मोजता मोजता त्याला स्वतःची भयंकर भीती वाटली, कारण मोजण्याच्या एका बाजूला ती पोर बसली होती.

साडेचारला लतिका पेट्रोलसाठी आत आली. इंजिन बंद केलं, हेल्मेट वर सरकवलं. तिचा चेहरा गंभीर होता. विश्वनाथ कॅन ओतत होता, त्याच्या पाठीआड ती हळूच म्हणाली, "आनंदराव, वळणावर काहीतरी बोलतंय का हो? मला वाटलं, खालून." तिनं त्याचाच शब्द वापरला होता. ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती. तिला इंजिनाबद्दल काही जाणून घ्यायचंच नव्हतं, फक्त त्याचा शब्द हवा होता, मग ती निर्धास्त होणार होती. "नाही," आनंदराव म्हणाला. "काही नाही, ताई." "नक्की?" "नक्की." तिच्या कपाळावरची आठी गेली. ती हसली, हेल्मेट खाली ओढलं आणि निघून गेली. आयुष्यात पहिल्यांदा जिभेनं खोटं बोललो, असं त्याच्या मनात आलं, आणि ते किती सहज निघालं याचं त्याला आश्चर्य वाटलं.

पहिला फेरा तिनं साठनं घेतला. दुसऱ्याला आवाज लपेना. पाय दाबलेला असतानाही येऊ लागला, आणि तिनं पाय उचलला नाही. गाडी बोलत होती आणि ती ऐकत नव्हती, कारण आनंदरावनं नक्की म्हटलं होतं. मग त्याचं त्यालाही कळलं नाही. तो पिंपाजवळून निघाला, दोरी ओलांडली आणि धावपट्टीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. मागून कोणीतरी किंचाळलं. कापलेल्या छपराची गाडी त्याला हातभर अंतरावरून शिव्या घालत गेली. धुळीतून सातचा आकडा मोठा होत आला. त्यानं दोन्ही हात वर केले आणि जेवढा होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडला, "बंद! बंद कर वं पोरी, बंद!" पंधरा वर्षांत तिला त्यानं ताईशिवाय हाक मारली नव्हती. ब्रेक करकरले, गाडी आडवी झाली, सरकत सरकत त्याच्यापासून दहा पावलांवर थांबली. तिनं चावी फिरवली. इंजिन थांबता थांबता शेवटचं एकदा ठक्क करून गेलं.

गाडी ढकलत दोरीच्या आत आणली. विश्वनाथ संतापानं लाल. "काय झालं? पुढं होतो आपण! पाच फेऱ्यांनी पुढं होतो!" आनंदरावनं सांगितलं. तयार केलेलं वाक्य केव्हाच गेलं होतं. जसं आलं तसं सांगितलं. वसंत, पन्नी, चार दांडे, गुरुवारची तार. विश्वनाथ ऐकता ऐकता थंड झाला, आणि मग जे बोलला त्याची आनंदरावनं कल्पनाच केली नव्हती. "कोणाला वाचवताय तुम्ही?" तो म्हणाला. "त्या दलालाला? की लतिकासाठी भीती वाटली म्हणून हे रचून सांगताय? तुम्ही असं करणार? तुम्ही? आनंदराव, मी ओळखत नाही का तुम्हाला!" म्हणजे खरं बोलल्यावर खोटं ठरायची वेळ आली. आनंदराव गाडीखाली शिरला. तापलेलं तेल उतरवताना मनगट पोळलं, ते त्यानं तसंच ठेवलं. तासभर गेला. बाहेर बाकीच्या मोटारी फिरत होत्या, एकेक फेरा त्यांना ओलांडून जात होत्या, आणि विश्वनाथनं फळीकडे एकदाही पाहिलं नाही. इंजिनाच्या तळाचं भांडं उतरलं. तिसऱ्या दांड्याची टोपी निघाली. आनंदराव बाहेर आला आणि त्यानं विश्वनाथच्या तळहातावर ती ठेवली. काळी पडलेली, चुरगळलेली, पण एका कडेला अजून चांदी चमकणारी पन्नी.

लतिका पुढं झाली, तिनं बोटाच्या टोकानं ती उलटवून पाहिली. "आणखी किती चाललं असतं?" तिनं विचारलं. आनंदरावनं खालमानेनं सांगितलं, "एखादा फेरा. जास्तीत जास्त दोन. असं पयवलं तं पाचशे मैल निघते पन्नी." लतिका त्याच्याकडे पाहत होती. मघाशी नक्की विचारताना जशी पाहत होती तशी नाही. आता ती खरंच काही जाणून घेत होती. "पाचशे," ती म्हणाली. "हे तुम्हाला कसं माहीत?"

दूर बांधावर लोक टाळ्या वाजवत होते. आनंदरावला वाटलं, अजूनही चूप बसता येईल. पुन्हा कोणी विचारणार नाही. साहेब गेले ते गेले. त्यांचं नाव कशाला काढायचं, या पोरांना कशाला दुखवायचं. या विचारात किती आराम होता! आणि त्या आरामाची ओळख पटली तसा तो घाबरला.

"पयली पन्नी तुमच्या बाबाच्या गाडीत, ताई," तो म्हणाला. "ते हिरवी गाडी. विकाची होती. साहेब म्हनाले, आनंदराव, जरा चूप करून दे तिले. मी केली. काटोलच्या एका मास्तरानं नेली."

"मग?" विश्वनाथनं विचारलं.

"महिन्यानं मास्तर आला. पाचशे मैलच झाले होते, मीटर पाहून आला होता. दांडा तुटला, गाडी झाडावर गेली. एक हात गयात बांधला होता. साहेबांनी मले व्हरांड्यात बोलावलं. मास्तराले म्हनाले, गाडी याच्या हाताखालची आहे. यानं दीक्षा घेतली आहे, जीव गेला तरी खोटं नाही बोलनार. इचारा त्याले. मास्तरानं इचारलं, बाबा, इंजिनात काही होतं का?"

"तुम्ही काय म्हणालात?" लतिकानं विचारलं.

"काहीच नाही. लाल फरशीकडं पाहत उभा राहिलो. मास्तराले वाटलं, मी रागावलो. त्यानं माफी मांगली, ताई. एक हात बांधलेला, म्हनून एकाच हातानं मले नमस्कार केला, अन् साहेबांसमोर म्हनाला, मानूस सच्चा आहे. तवापासून गावात माहं तेच नाव पडलं."